कार्डाचा हात किती दूर पोहोचतो? ड्रायव्हरने आधी सांगावं
कॉम्प्युटरमध्ये 16 जीबी रॅम असली, तरी आत बसवलेलं प्रत्येक कार्ड त्या सगळ्या रॅमपर्यंत पोहोचतंच असं नाही. नेटवर्क कार्ड प्रोसेसरला मध्ये न घेता थेट मेमरीत लिहितं. याला डीएमए म्हणतात. जुन्या आयएसए कार्डांचा पत्ता 24 बिटांचा, म्हणजे फक्त 16 एमबी. 32 बिटांचा असेल तर 4 जीबी. लिनक्स कर्नल मुळात 32 बिटच धरून चालतो. खरी मर्यादा ड्रायव्हरने सुरुवातीलाच सांगायची असते. कमी सांगितली, तर डेटा मधल्या जागेतून कॉपी करावा लागू शकतो आणि काम मंदावतं. जास्त सांगितली, तर पत्त्याचे वरचे बिट गळून डेटा भलत्याच जागी पडू शकतो. म्हणून ड्रायव्हर लिहायला शिकणाऱ्या मुलामुलींनी अंदाजाने आकडा टाकू नये. कार्डाचं माहितीपत्रक आधी वाचावं.