टॉवेलची दांडी आणि आधाराची दांडी

गेल्या वर्षी रेवदंड्याजवळच्या आमच्या जुन्या घराची डागडुजी काढली, तेव्हा स्नानगृहाचे सामान मी स्वतः निवडले. शोरूममध्ये दोन तास घालवले. छतातून पावसासारखा कोसळणारा शॉवर, आरशासारखी झळाळणारी पांढरी फरशी, भिंतीत दडवलेला फ्लश टँक आणि सोनेरी झिलईची टॉवेल-दांडी अशी खरेदी करून मोठ्या समाधानाने घरी आलो. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आईसाठी काहीतरी उत्तम केले, अशी माझी भावना होती.

तिसऱ्या महिन्यात आई कमोडवरून उठताना डगमगली. हाताला जे लागले ते तिने धरले. ती सोनेरी दांडी होती. दोन स्क्रू आणि दोन प्लास्टिकच्या गिट्ट्यांसह दांडी तिच्या हातात आली आणि आई फरशीवर आली. मनगटाच्या हाडावर निभावले. सहा आठवड्यांच्या प्लॅस्टरनंतर हात बरा झाला. परंतु जवळपास तीस वर्षे वृद्धांना ‘जपून चाला’ असे सांगणाऱ्या माझ्यासारख्या वैद्यकाला, टॉवेल वाळवण्याची दांडी आणि माणसाचा भार पेलणारी दांडी यांतला भेद दुकानात सुचला नाही, याची खंत अजून आहे. विक्रेत्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याने टॉवेलची दांडी टॉवेलची म्हणूनच विकली होती.

मार्च 2020 मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा अशी रो-रो सेवा सुरू झाल्यापासून आपला किनारा मुंबईला आणखी जवळ आला. आवास, किहीम, नागाव या बाजूंना जे बंगले उभे राहिले, त्यांच्या न्हाणीघरांचा थाट पाहून गावातल्या घरांनाही तशी हौस वाटू लागली. त्याच वर्षी 3 जूनला ‘निसर्ग’ चक्रीवादळाने श्रीवर्धन, मुरूडकडची कितीतरी छपरे उडवली. घरे नव्याने बांधताना अनेकांनी परसातली न्हाणी आणि संडास घरात आणले. मुंबईतली, परदेशातली मुले आईवडिलांसाठी हौसेने पैसे पाठवतात. ही हौस मला मुळीच गैर वाटत नाही. पहाटे कंदील घेऊन परसात जाणाऱ्या पिढीला उतारवयात थोडे सुख मिळाले, तर बिघडले कुठे? फक्त पैसा कोठे घालायचा, याचा क्रम बदलावा, असे माझे सांगणे आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे 6 लाख 84 हजार माणसे पडण्यामुळे दगावतात, आणि त्यांत साठीपुढच्यांचा वाटा सर्वाधिक असतो. घरातल्या घरात पडण्याची एक मोठी जागा म्हणजे न्हाणीघर. तेथे ओल असते, साबण असतो आणि उठबस असते. त्यात रक्तदाबाच्या किंवा प्रोस्टेटच्या गोळ्या घेणाऱ्याचा दाब उभे राहताच खाली येतो, डोळ्यांपुढे क्षणभर अंधारी येते. त्या एका क्षणाला हाताशी काय आहे, यावर पुढचे अवलंबून असते. खुब्याचे हाड मोडले, तर मुरूडहून अलिबागपर्यंतचे सुमारे 50 किलोमीटर अंतर त्या रुग्णाला किती लांब वाटते, हे मी गाडीत शेजारी बसून पाहिले आहे.

म्हणून खरेदीची पहिली वस्तू आधाराची दांडी असावी. दुकानात तिला ‘ग्रॅब बार’ म्हणतात. ती मुठीत नीट मावेल अशी, साधारण 38 ते 45 मिलिमीटर जाडीची हवी. भिंतीपासून बोटे आत जातील इतकेच अंतर ठेवावे. फार ठेवले, तर घसरलेला हात कोपरापर्यंत आत अडकतो. कमोडशेजारच्या भिंतीवर, बैठकीपासून वीतभर उंचीवर एक आडवी दांडी आणि तिच्या पुढच्या टोकाशी एक उभी दांडी बसवावी. आडवीवर रेटा देता येतो, उभी धरून उठता येते. आंघोळीच्या जागी आणखी एक हवी. आता सोनेरी, काळ्या, हव्या त्या झिलईत त्या मिळतात, तेव्हा घर रुग्णालयासारखे दिसेल ही भीती नको.

दांडी कितीही उंची असली, तरी तिचे बळ भिंतीत असते. दक्षिण रायगडातल्या अनेक घरांच्या भिंती जांभ्या दगडाच्या आहेत, नव्या घरांत पोकळ किंवा हलके ब्लॉक असतात. या दोन्हींत साधी गिट्टी कालांतराने सैल होते. टाइल्स लावण्यापूर्वीच त्या जागी काँक्रीटचा ठोकळा भरून घ्यावा, किंवा रसायनाने चिकटणारे अँकर वापरावेत. काम झाल्यावर गवंड्यालाच त्या दांडीला लोंबकळायला सांगावे. तो हसेल, हसू द्यावे.

धातूकडेही लक्ष हवे. आपल्याकडची हवा खारी आहे. 304 प्रतीच्या स्टेनलेस स्टीलवरही समुद्राजवळ चहाच्या डागांसारखे तांबूस डाग पडतात; 316 प्रतीत मॉलिब्डेनम असल्याने ते क्षाराला अधिक काळ तोंड देते. ती महाग आहे, पण आधाराच्या दांडीसाठी तिचेच पैसे मोजावेत. वाडीतल्या विहिरीचे पाणी जड असेल, तर त्या पावसाळी शॉवरची छिद्रे लवकर बुजतात, हे माझ्या अनुभवाचे बोल आहेत. त्याऐवजी लांब नळीचा हँड शॉवर आणि रबरी पायांचे बसायचे स्टूल घ्यावे. वृद्धाने उभ्याने आंघोळ करू नये, हे आपल्या आज्यांना चौरंगावर बसून कळले होतेच.

कमोडची उंची हा माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित विषय. घरातल्या ज्या खुर्चीवरून आजी किंवा आजोबा हातांचा रेटा न देता उठतात, तिची उंची मोजावी. बैठकीसह कमोड तितका उंच हवा. सार्वजनिक इमारतींतील अपंगांच्या सोयीसाठी आपल्याकडे 450 ते 480 मिलिमीटर उंची सुचवली जाते, अनेकांना तीच सोयीची पडते. येथे मात्र महागडी वस्तू उपयोगाची ठरते. भिंतीवर टांगलेला कमोड बसवतानाच हव्या त्या उंचीवर घेता येतो, आणि खाली मोकळी जागा राहिल्याने फरशी कोरडी पुसता येते. मी तोच घेतला होता, पण उंची ‘नेहमीची’ ठेवायला सांगितली. आई ठेंगणी नाही, तिचे गुडघे झिजलेले आहेत, हे विसरून.

फरशीच्या खोक्यावर आर 9 ते आर 13 असा घसरणरोधक निर्देशांक पाहायला मिळतो. आकडा जितका मोठा तितकी पकड अधिक. पण ही चाचणी पायांत जोडे घालून, तेलकट उतारावर करतात. अनवाणी, ओल्या पायांसाठी ए, बी, सी अशी निराळी श्रेणी असते. न्हाणीघरासाठी निदान बी मागावी. हे काही लिहिलेले नसेल, तर एक टाइल मागून घ्यावी, तीवर साबणाचे पाणी ओतावे आणि विक्रेत्याचा खांदा धरून अनवाणी टाच घासून पाहावी. लहान आकाराच्या टाइल्समध्ये सांधे अधिक, म्हणून पकडही अधिक. शिवाय पांढऱ्या फरशीवर पांढरा कमोड मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांना नीट दिसत नाही. निदान बैठक तरी गडद रंगाची घ्यावी.

नळ गोल मुठीचे नकोत. संधिवाताच्या, साबण लागलेल्या बोटांना खटका ढकलणे सोपे जाते. गीझर 50 अंशांच्या पुढे ठेवू नये. गॅसचा गीझर बंद न्हाणीघरात कधीही बसवू नये. त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याचा वासही येत नाही, आणि माणूस हाक मारण्यापूर्वी बेशुद्ध पडतो. दार बाहेर उघडणारे असावे आणि त्याची कडी बाहेरूनही काढता यावी. आत पडलेला माणूस दारालाच अडून राहिला, तर आत ढकलायचे दार उघडत नाही.

आमच्याकडे आता दोन दांड्या आल्या आहेत, कमोडवर उंची वाढवणारी बैठक चढवली आहे आणि त्या झळाळत्या फरशीवर खरखरीत पट्ट्या चिकटवल्या आहेत. शोरूममधल्या चित्रासारखे ते आता दिसत नाही. सोनेरी दांडीही पुन्हा लावली आहे, दाराच्या मागे, आईचा हात पोहोचणार नाही अशा जागी. तिच्यावर टॉवेल असतो.