भरलेला अर्ज यंत्रात कोठे जातो?

जमिनीचा नमुना १ व १४ पाहण्याची वेळ आपल्या मुळगावातील बहुतेक घरांवर कधी ना कधी येतेच. आता पडद्यावर डिचोली तालुका, गाव, सर्व्हे क्रमांक व पोटविभाग भरून कळ दाबली की तो घरबसल्या दिसतो. उद्या आपल्या ट्रस्टचा शिष्यवृत्तीचा अर्जही असाच भरला जाईल. तेव्हा कळ दाबल्यावर पुढे काय घडते, हे सभासदांनी समजून घेणे इष्ट होय.

अर्जातील प्रत्येक रकान्याला दोन नावे असतात. एक आपल्याला दिसते, उदाहरणार्थ 'विद्यार्थ्याचे नाव'. दुसरे आज्ञावलीत लपलेले असते व यंत्र तेवढेच ओळखते. कळ दाबताच 'रकान्याचे नाव आणि भरलेला मजकूर' अशा जोड्या दूरच्या संगणकाकडे रवाना होतात. ज्या रकान्याला हे आतले नाव दिलेलेच नाही, त्यातील मजकूर निघतच नाही.

जोड्या पाठविण्याच्या रीती दोन. 'गेट' रीतीत त्या पानाच्या पत्त्यालाच जोडल्या जातात; म्हणजे उघड्या पोस्टकार्डासारखे. 'पोस्ट' रीतीत त्या पत्राच्या आत जातात. बँकेचा खाते क्रमांक पत्त्यात झळकू नये, म्हणून अशा अर्जास दुसरी रीत योग्य. मात्र वाटेत कोणी वाचू नये यासाठी सांकेतिक जोडणी निराळी लागतेच.

पलीकडे पीएचपी भाषेतील आज्ञावली असेल, तर आलेल्या जोड्या 'पोस्ट' वा 'गेट' नावाच्या पेटीत मांडून ठेवलेल्या असतात. हव्या त्या रकान्याचे नाव घेऊन मजकूर मागावा लागतो. नाव अक्षरशः जुळले पाहिजे. एका अक्षराचा फरक पडला तरी हाती काही लागत नाही. आणखी एक मेख अशी की, खूण न केलेला चौकोन रिकामा येत नाही, तो येतच नाही. 'पालक हयात नाहीत' या चौकोनावर खूण नसेल, तर 'नाही' हे उत्तर आज्ञावलीनेच समजून घ्यावयाचे असते.

या पेट्यांमागे एक धडा आहे. रॅस्मस लेरडॉर्फ यांनी १९९५ साली पीएचपी लोकांपुढे आणली. पुढे तिच्यात अशी सोय होती की, अर्जातील प्रत्येक नाव आज्ञावलीत आपोआप चल म्हणून अवतरे. सोय मोठी, पण धोकाही तेवढाच. कोणी खोडसाळाने 'अर्ज मंजूर' अशी जोडी स्वतःच जोडून पाठविली, तर गाफील आज्ञावली ती खरी मानी. म्हणून २००१ साली या स्वतंत्र पेट्या आल्या, २००२ पासून जुनी सोय मुळातच बंद ठेवण्यात आली व २०१२ साली ती काढून टाकण्यात आली.

तात्पर्य असे की, बाहेरून आलेला मजकूर तपासल्यावाचून खरा धरू नये. गुण शंभरात आहेत काय, आवश्यक रकाना भरला आहे काय, हे पाहण्याचे काम पलीकडच्या संगणकाचे. कारण पडद्यावरची तपासणी अर्जदारास टाळता येते. चोख कारकून अर्ज हाती आल्यावर जे करतो, तेच येथे करावयाचे. एका रकान्याच्या चुकीपायी एखाद्या गरजू मुलाचा अर्ज मागे पडू नये, एवढ्यासाठीच हा खटाटोप.