शो पुढे ढकलला, मग माझे पैसे कुठे आहेत?

आजचा भाग अशा एका नोटिफिकेशनबद्दल आहे, जे कुणालाच नको असतं. "काही अपरिहार्य कारणांमुळे कार्यक्रम पुढे ढकलण्यात येत आहे. तुमचं तिकीट नव्या तारखेला चालेल." दोनच वाक्यं. पण त्यात तुमचे दोन-अडीच हजार रुपये, ऑफिसातून मागून घेतलेली सुट्टी आणि गाडीचं रिझर्व्हेशन, सगळंच लटकतं.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि पेमेंटच्या सिस्टिमवर काम करते. त्यामुळे कुठलाही शो पुढे गेला की मित्रमंडळींचे मेसेज माझ्याकडे: "अगं, पैसे कधी येणार?" म्हणून म्हटलं, एकदा सगळं नीट सांगून टाकू.

रद्द वेगळं, पुढे ढकललेलं वेगळं

एप्रिल २०२५ आठवा. पहलगामचा हल्ला झाला आणि देशभर बरेच कार्यक्रम थांबले. श्रेया घोषालचा २६ एप्रिलचा सुरतचा शो रद्द झाला आणि तिकिटाचे पूर्ण पैसे परत मिळणार असं जाहीर झालं. मग मे महिन्यात सीमेवर तणाव वाढला, आणि तिचाच १० मेचा मुंबईतला शो पुढे ढकलला गेला. तिथे सांगितलं गेलं की तीच तिकिटं नव्या तारखेला चालतील. गायिका तीच, मध्ये दोन आठवडे, पण तिकीटवाल्याच्या दृष्टीने दोन्ही निर्णय अगदी वेगळे.

रद्द म्हटलं की पैसे परत करायची जबाबदारी लगेच येते. पुढे ढकलला म्हटलं की तुमचा पैसा आहे तिथेच राहतो. आयोजकांना दुसरा पर्याय का बरा वाटतो, हेही समजून घ्या. कलाकाराला ॲडव्हान्स, मैदानाचं भाडं, स्टेज, साउंड यांवर बराच खर्च शोच्या आधीच झालेला असतो. सगळ्यांनी एकदम पैसे मागितले तर त्यांना ते जड जातं. दरवेळी यात लबाडी असतेच असं नाही. आपल्या सवाई गंधर्व महोत्सवाचंच बघा ना, २००९ चा महोत्सव स्वाइन फ्लूमुळे जानेवारी २०१० मध्ये झाला. कारण खरं असू शकतं. पण नव्या तारखेला तुम्हाला जमणार आहे का, हे फक्त तुम्हालाच माहीत.

ती छोटी खिडकी

शो पुढे गेल्यावर बऱ्याचदा रिफंडचा पर्याय देतात, पण ठरावीक दिवसांपुरताच. त्या दिवसांत तुम्ही काहीच केलं नाही, तर तुम्हाला नवी तारीख मान्य आहे असं धरलं जातं.

माझी मावसबहीण सांगलीला शिकते. तिने चौघींची तिकिटं स्वतःच्या यूपीआयवरून काढली होती, बाकीच्या तिघींनी तिला रोख पैसे दिले. शो पुण्यात होता. तो पुढे गेला आणि नवी तारीख आली ती नेमकी त्यांच्या परीक्षेच्या आठवड्यात. रिफंड मागायला चार दिवस होते आणि तो मेल जाहिरातींच्या टॅबमध्ये पडलेला. तिला तो तिसऱ्या दिवशी दिसला. आणखी दोन दिवस उशीर झाला असता तर दहा हजार रुपये आणि तीन मैत्रिणींना द्यायची उत्तरं, दोन्ही तिच्याच गळ्यात पडलं असतं.

यातून दोन गोष्टी लक्षात ठेवा. रिफंड ज्या खात्यातून पैसे गेले त्याच खात्यात येतो, ग्रुपमधल्या प्रत्येकाला वेगवेगळा येत नाही. आणि कुणी चढ्या भावाने विकलेलं तिकीट घेतलं असेल, तर पैसे मूळ खरेदीदाराकडे जातात, तुमच्याकडे नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये कोल्डप्लेच्या तिकिटांसाठी जी झुंबड उडाली, तेव्हा लोक लाखांच्या भावाने तिकिटं शोधत होते. तो शो पुढे गेला असता, तर त्यातल्या अनेकांकडे रिफंड मागायला काही आधारच नव्हता.

पैसा परत कसा येतो?

आता माझा आवडता भाग. तुम्ही पैसे देता तेव्हा ते तुमच्या बँकेतून निघून पेमेंट कंपनीकडे, तिथून तिकीट विकणाऱ्या ॲपकडे आणि हिशोब झाल्यावर आयोजकाकडे जातात. परत येताना हाच रस्ता उलटा चालावा लागतो. 'तुमचा रिफंड प्रोसेस झाला आहे' या मेसेजचा अर्थ एवढाच की ॲपने पुढे सूचना पाठवली. पैसे खात्यात आले असा त्याचा अर्थ नाही.

म्हणून मेसेज आला की लगेच रेफरन्स नंबर मागा. कार्ड असेल तर २३ अंकी एआरएन, यूपीआय असेल तर १२ अंकी आरआरएन, ज्याला बरेच जण यूटीआर म्हणतात. हा नंबर दिला की तुमची बँक पैसे कुठे आहेत ते शोधू शकते. नंबर नसेल तर ॲप बँकेकडे बोट दाखवतं, बँक ॲपकडे, आणि तुम्ही मधल्यामध्ये.

एक गैरसमज फार ऐकते: "रिझर्व्ह बँकेच्या नियमाने उशीर झाला की रोज १०० रुपये मिळतात ना?" तो २०१९ चा नियम फसलेल्या व्यवहारांसाठी आहे. म्हणजे खात्यातून पैसे गेले आणि समोरच्याला पोचलेच नाहीत, अशा वेळी. तुमचं तिकीट तर व्यवस्थित निघालं होतं, त्यामुळे कॉन्सर्टच्या रिफंडला तो लागू होत नाही.

क्रेडिट कार्ड वापरलं असेल तर रिफंड येईपर्यंत बिल वेळेवर भरा, नाहीतर व्याज बसेल. आणि ज्या खात्यातून पैसे दिले ते जुन्या नोकरीचं असेल, तर रिफंड येईपर्यंत ते बंद करू नका.

पैसे आलेच नाहीत तर?

आधी ॲपच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्याचं नाव आणि संपर्क ॲपवर द्यावाच लागतो. ४८ तासांत तक्रारीची पोच आणि महिन्याभरात निवारण, असा तो नियम आहे. फोनवर भांडण्यापेक्षा लेखी तक्रार करा. फोनचा पुरावा राहत नाही.

तरी हललं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, नंबर १९१५. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही, आणि तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. शो मुंबईत होता म्हणून नांदेडहून मुंबईला खेटे घालायची गरज नाही. मुदत दोन वर्षांची आहे.

पुराव्यात काय लागतं? तिकीट, पेमेंटची पावती, शो पुढे गेल्याचा मेल, आणि बुकिंगच्या वेळच्या अटींचा स्क्रीनशॉट. हे जपणं का महत्त्वाचं, ते चेन्नईत दिसलं. ए. आर. रहमानचा १२ ऑगस्ट २०२३ चा शो पावसामुळे १० सप्टेंबरवर गेला. नव्या तारखेला इतकी गर्दी झाली की तिकीट असूनही अनेकांना आत जाता आलं नाही. नंतर रहमानने स्वतः अशा लोकांना तिकिटाची प्रत पाठवायला सांगितलं. ज्यांनी ती जपली होती, त्यांच्याकडे दाखवायला काहीतरी होतं.

आणि हो, 'रिफंडसाठी हा क्यूआर स्कॅन करा, पिन टाका' असा फोन आला तर सरळ कट करा. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. कस्टमर केअरचा नंबर सर्च करून घेऊ नका, ॲपमधूनच घ्या. फसवणूक झालीच तर लगेच १९३०.

मग ठरवायचं कसं?

मेसेज आला त्याच दिवशी ग्रुपवर तीन प्रश्न विचारा. नवी तारीख जाहीर झाली आहे का? त्या तारखेला आपल्यातले किती जण नक्की येणार? रिफंड मागायची शेवटची तारीख कोणती? ती तारीख फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका, आदल्या दिवशीच्या अलार्मसकट. गाडी आणि हॉटेलचं त्याच दिवशी बघा. रेल्वेचं तिकीट जितक्या लवकर रद्द कराल, तितके कमी पैसे कापले जातात. हा खर्च आयोजक सहसा देत नाही.

नवी तारीखच दिलेली नसेल आणि पैशांची गरज असेल, तर मी तरी रिफंड घ्या असंच म्हणेन. आवडता गायक पुन्हा येईल, तेव्हा तिकीट पुन्हा काढू. पण तारीख जमत असेल आणि मन म्हणत असेल की जायचंच, तर खुशाल तिकीट ठेवा. वाट बघण्यातही मजा असते, फक्त ती आपण ठरवून बघितलेली असावी.

तुमचा रिफंड कुठे अडकलाय का? अडकला असेल तर आधी तो १२ किंवा २३ अंकी नंबर मिळवा. भेटू पुढच्या भागात!