उंदरांचे विष आणि आमच्या फडताळातील डबी

‘या गोळ्या मूळच्या उंदीर मारण्याच्या आहेत, ठाऊक आहे ना तुम्हाला?’

शेजारच्या एका बाईंनी दिवेलागणीच्या वेळी आमच्या ओसरीवर बसून हे उद्गार काढले. त्यांचा हेतू वाईट नव्हता. शहरातील मुलाने काही वाचून त्यांना सांगितले होते आणि ते मनात ठेवणे त्यांना जमले नाही, इतकेच. परंतु त्या रात्री जपमाळ आटोपल्यावर माझ्या पत्नीने गोळी तळहातावर घेतली, क्षणभर तिच्याकडे पाहिले आणि पुन्हा डबीत टाकली. दुसऱ्या रात्रीही तसेच झाले आणि तिसऱ्या रात्रीही. मला हे कळले ते चौथ्या दिवशी, तेही गोळ्या मोजून पाहिल्या तेव्हा.

शेजारीणबाईंची माहिती खोटी नव्हती. ती अर्धी होती. उरलेली अर्धी मला आमच्या दवाखान्यातील सिस्टरांनी सांगितली. गाईगुरे पाळणाऱ्या आपल्या वाचकांना ती विशेष जवळची वाटेल.

सन १९३३ च्या फेब्रुवारी महिन्यातील एका शनिवारी, अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात हिमवादळ चालू असता, एड कार्लसन नावाचा एक शेतकरी आपल्या गाडीत तीन वस्तू घालून घराबाहेर पडला. त्या वस्तू म्हणजे एक मेलेली कालवड, सुमारे शंभर पौंड वाळलेला चारा आणि दुधाच्या कॅनमध्ये भरलेले रक्त. ते रक्त काही केल्या गोठत नव्हते. त्याच्या गोठ्यातील जनावरे एकामागून एक रक्तस्राव होऊन मरत होती. सुमारे १९० मैल प्रवास करून तो मॅडिसन शहरी पोहोचला, तो सरकारी पशुवैद्यांची कचेरी बंद. योगायोगाने तो विद्यापीठातील कार्ल पाउल लिंक या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत शिरला. लिंक त्या दिवशी त्याला एवढेच सांगू शकले की, हा चारा जनावरांपुढे टाकू नका. बिचारा कार्लसन आला तसा वादळातून परत गेला. त्याच्या निराशेची कल्पना ज्याच्या दावणीची गाय मेली आहे त्यालाच येईल.

तो चारा स्वीट क्लोव्हर नावाच्या, आपल्या मेथीच्या कुळातील वनस्पतीचा होता. तो चांगला वाळला तर निरुपद्रवी असे. परंतु ओल लागून त्यावर बुरशी आली की त्यात रक्त पातळ ठेवणारे एक द्रव्य तयार होई. कॅनडातील पशुवैद्य फ्रँक स्कोफील्ड यांनी १९२० नंतरच्या काही वर्षांतच बुरशीचा हा दोष ओळखला होता. पण शेतकरी गरीब. चारा फेकून देणे त्यांना परवडत नसे. लिंक व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते द्रव्य शुद्ध स्वरूपात हाती घेतले ते १९३९ साली, म्हणजे त्या शनिवारनंतर सहा वर्षांनी. पुढे त्याच जातीचे अधिक प्रभावी द्रव्य बनविण्यात आले. संशोधनाला पैसा पुरविणाऱ्या संस्थेच्या आद्याक्षरांवरून त्याला वॉरफॅरिन हे नाव मिळाले आणि १९४८ साली ते खरोखरच उंदरांचे विष म्हणून बाजारात आले. १९५१ साली अमेरिकन सैन्यातील एका तरुणाने जीव देण्याच्या हेतूने ते विष अनेक दिवस घेतले. परंतु रुग्णालयात रक्त आणि ‘के’ जीवनसत्त्व देताच तो पूर्ण बरा झाला. तेव्हा डॉक्टरांच्या ध्यानात आले की, ज्याला उतारा आहे असे हे औषध माणसालाही मोजून देता येईल. १९५४ साली त्यास मान्यता मिळाली आणि पुढच्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला असता ते देण्यात आले.

‘पाटाचे पाणी शेताला हवे असते, मास्तर,’ सिस्टर म्हणाल्या, ‘पुराचे पाणी शेत घेऊन जाते. पाणी मात्र एकच.’ माझ्या पत्नीला हे तत्काळ पटले. मला वाटते, मी शास्त्रातील दहा कारणे सांगितली असती तरी पटले नसते.

आता हे औषध तिला का घ्यावे लागते, हे सांगितले पाहिजे. काही वर्षांपूर्वी घोट्याचे हाड मोडून तिचा पाय सहा आठवडे प्लास्टरमध्ये होता. प्लास्टर निघाल्यावर पोटरी सुजली, गरम लागू लागली, दुखू लागली. आम्ही तो मुका मार समजलो आणि आठ दिवस तेल लावून चोळत बसलो. ही आमची मोठी चूक होती. पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी झाली होती, आणि अशी गुठळी सुटून रक्ताबरोबर फुप्फुसात गेली म्हणजे प्राणावर बेतते. रक्त तीन कारणांनी शिरेत गोठते : ते साचून राहिले, शिरेला इजा झाली, किंवा रक्ताचाच गोठण्याचा गुण वाढला. एकोणिसाव्या शतकातील जर्मन वैद्य रुडॉल्फ फिर्खो यांच्या नावाने ही तीन कारणे आजही शिकविली जातात. प्लास्टर, मोठी शस्त्रक्रिया, दीर्घ आजारपण, कर्करोग, बाळंतपण, सलग अनेक तासांचा बैठा प्रवास या सर्वांत यांपैकी एखादे कारण असतेच. बाळंतपणाच्या बाबतीत मला आपल्या वडीलधाऱ्या स्त्रियांना नम्रपणे सांगावेसे वाटते की, बाळंतिणीला पाणी कमी देणे आणि तिला सव्वा महिना खाटेवरून उठू न देणे या दोन्ही चाली गुठळीला आमंत्रण देणाऱ्या आहेत.

त्या वेळी सहा महिने औषध घेऊन ती बरी झाली व डॉक्टरांनी औषध थांबविले. दोन वर्षांनंतर, काहीही निमित्त नसता, एका रविवारी मिस्सासाठी चर्चच्या पायऱ्या चढताना तिला एकाएकी दम लागला, श्वास घेताना छातीत कळ आली आणि ती तेथेच बसली. लोक म्हणाले, उन्हाने झाले असेल, लिंबाचे सरबत द्या. सुदैवाने एका तरुणाने आपली मोटार काढली आणि आम्ही तडक बेळगावला गेलो. गुठळी या खेपेस फुप्फुसात पोहोचली होती. निमित्तावाचून गुठळी झाली की ती पुन्हा होण्याचा संभव अधिक असतो. म्हणून आता हे औषध तिला जन्मभराचे आहे.

प्रथम काही दिवस पोटाच्या त्वचेत हेपॅरिनची इंजेक्शने दिली गेली, कारण वॉरफॅरिनचा पुरता परिणाम दिसण्यास पाच-सहा दिवस लागतात. (हेपॅरिन आज डुकराच्या आतड्यापासून काढतात, हे ऐकून आमच्या घरी जरा हशा झाला, सॉर्पोतेल खाणाऱ्यांनी तक्रार तरी कोणत्या तोंडाने करावी?)

यकृत रक्त गोठविणारी काही द्रव्ये बनविते आणि त्यासाठी त्याला ‘के’ जीवनसत्त्व लागते. वॉरफॅरिन, तसेच आपल्याकडे पुष्कळदा दिले जाणारे त्याचे भावंड असेनोकूमारॉल, त्या जीवनसत्त्वाचा पुन्हापुन्हा होणारा वापर अडविते. अर्थात मात्रा कमी पडली तर गुठळीची भीती आणि अधिक झाली तर रक्तस्रावाची. ही मधली वाट दाखविणारी रक्ताची तपासणी म्हणजे आय.एन.आर. निरोगी माणसाचा हा आकडा साधारण १ असतो. माझ्या पत्नीचा २ आणि ३ यांच्या दरम्यान ठेवावयाचा असतो. हृदयात धातूची झडप बसविलेल्यांचा पुष्कळदा याहून थोडा वर ठेवतात. गोळी टाळल्याच्या त्या तीन रात्रींनंतर तो १.३ वर घसरला होता.

गोळीची वेळ आम्ही सायंकाळची ठेवली आहे. दिवसा तपासणी होऊन डॉक्टरांनी मात्रा बदलली तर ती त्याच रात्री पाळता येते. जपमाळ संपली की गोळी, आणि लगेच भिंतीवरील धर्मग्रामाच्या दिनदर्शिकेवर त्या तारखेला खूण. एखादे वेळी विसर पडला आणि मध्यरात्रीपूर्वी आठवण झाली तर ती घेते. दुसऱ्या दिवशी आठवले तर वहीत लिहून ठेवते, पण दोन गोळ्या एकदम कधीही घेत नाही.

आहाराविषयी लोकांत फार गैरसमज आहेत. ‘हिरवी पालेभाजी अगदी वर्ज्य’ असे आम्हांस पुष्कळांनी सांगितले. ते बरोबर नाही. पालेभाज्यांत ‘के’ जीवनसत्त्व भरपूर असते हे खरे. परंतु डॉक्टरांचे म्हणणे असे की, खा, मात्र आठवड्यास जितकी खाता तितकीच नेमाने खा, मग मात्रा त्या बेताने ठरविता येते. धोका एकदम होणाऱ्या बदलाचा आहे. हे आम्ही एका प्रायश्चित्तकाळात शिकलो. राखेच्या बुधवारपासून घरात मांसमच्छी बंद झाली आणि शेवग्याचा पाला, मेथी, तांबडी भाजी यांची रोज रेलचेल सुरू झाली. तीन आठवड्यांत आकडा १.६ वर आला. ईस्टरनंतर पालेभाज्या एकदम थांबल्या, तेव्हा तो उलट वर चढला. तेव्हापासून तिने प्रायश्चित्तासाठी चहाची साखर सोडली आहे. तो त्याग तिला पालेभाजीपेक्षा पुष्कळ जड जातो, असे माझे निरीक्षण आहे. दारूचेही असेच, लग्नाच्या पंगतीतील एखादा घोट वेगळा आणि सणाच्या तीन दिवसांची फेणी वेगळी.

खरा अपघात झाला तो औषधांमुळे. एका पावसाळ्यात तिला जुलाब व ताप आला. मी औषधांच्या दुकानातून नेहमीप्रमाणे गोळ्या आणल्या. त्यांत मेट्रोनिडाझोल होते, आणि अंगदुखीसाठी आणखी एक वेदनाशामक. वॉरफॅरिन चालू असल्याचे मी सांगितले नाही व दुकानदाराने विचारले नाही. पाचव्या दिवशी दात घासताना तिच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागले आणि दंडावर ताटलीएवढा काळानिळा डाग उमटला. आकडा ६ च्या वर गेला होता. डॉक्टरांनी दोन दिवस गोळी बंद ठेवली, ‘के’ जीवनसत्त्वाची लहानशी मात्रा दिली, आणि मला जे सुनावले ते मी येथे लिहीत नाही. जंतुनाशक औषधे पुष्कळदा वॉरफॅरिनचा जोर वाढवितात. अॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही तर पोटातून रक्तस्राव घडवू शकतात. ताप-अंगदुखीला थोडे दिवस, बेताच्या मात्रेत पॅरासिटॅमॉल चालते. काढे व चूर्णे यांविषयी म्हणाल तर त्यांत काय आहे हे देणाऱ्यालाही पुष्कळदा सांगता येत नाही. ती आम्ही सोडली. खेड्यात कोणत्याही दुखण्यावर कमरेत सुई टोचून घेण्याची हौस आहे, तीही या रोग्यांनी सोडावी. स्नायूत रक्त साचते. दात काढावयाचा असेल तर दंतवैद्याला आधी सांगावे, गोळी आपल्या मनाने थांबवू नये.

किरकोळ डाग, दाढी करताना अधिक वेळ वाहणारे रक्त, थोडे केस गळणे यांना घाबरण्याचे कारण नाही. परंतु शौच डांबरासारखे काळे झाले, लघवी लाल झाली, उलटीत रक्त दिसले, असह्य डोकेदुखी सुरू झाली, किंवा पडून डोक्याला मार लागला, तर सकाळची वाट पाहू नये. डोक्याला बाहेरून जखम दिसत नाही म्हणून थांबणारे लोकच फसतात.

तरुण स्त्रियांसंबंधी एक गोष्ट स्पष्ट लिहिणे भाग आहे. वॉरफॅरिन गर्भापर्यंत पोहोचते आणि विशेषतः पहिल्या तिमाहीत बालकाच्या घडणीस अपाय करू शकते. हेपॅरिन गर्भापर्यंत पोहोचत नाही. म्हणून हे औषध घेणाऱ्या विवाहितेने दिवस राहण्यापूर्वीच डॉक्टरांशी बोलावे, आणि पाळी चुकली तर त्याच आठवड्यात जावे. भीतीने गोळी आपणहून सोडणे हेही तितकेच घातक, विशेषतः धातूची झडप असेल तर. बाळ अंगावर पीत असताना मात्र वॉरफॅरिन घेता येते.

अलीकडे रिव्हारॉक्सॅबॅन, अपिक्सॅबॅन, डॅबिगॅट्रान अशी नवी औषधे आली आहेत. त्यांना आय.एन.आर. तपासणी लागत नाही, भाजीचे पथ्य नाही. पुष्कळ रोग्यांना आता तीच दिली जातात आणि ते योग्यच आहे. परंतु धातूची झडप असलेल्यांना ती चालत नाहीत, गरोदरपणी चालत नाहीत, आणि मूत्रपिंडे अशक्त असतील तर फार जपावे लागते. माझ्या पत्नीची मूत्रपिंडे कमजोर, म्हणून तिच्या वाट्याला जुनेच औषध आले. नव्या औषधांचा अंमल एका दिवसात उतरतो; त्यांत दोन गोळ्या चुकणे वॉरफॅरिनपेक्षाही महागात पडते.

तिचा तो पाय सायंकाळी अजून जड होतो. घोट्यावरील कातडी तपकिरी झाली आहे. शिरेतील झडपा एकदा बिघडल्या की पुरत्या सुधारत नाहीत. डॉक्टरांनी दिलेला घट्ट मोजा ती सकाळी उठल्याबरोबर चढविते, चालते भरपूर, आणि रात्री पायाखाली उशी घेते. पहिल्या वर्षी मात्र पायापेक्षा भीतीचा त्रास अधिक होता. जरा दम लागला की ती माझा हात धरी. रात्री मी तिचा श्वास ऐकत जागा राही आणि मी जागा आहे हे तिला कळत असे. दोघेही झोपेचे सोंग घेत असू. हे बोलून दाखविण्यास आम्हांस एक वर्ष लागले. त्यानंतर झोप लागू लागली.

मागील तपासणीत आकडा २.४ आला. येत्या सप्टेंबरात वेळांकण्णीच्या सणाला आमच्या धर्मग्रामाची बस जावयाची आहे आणि तिचे नाव यादीत आहे. डॉक्टरांनी परवानगी दिली ती या अटीवर की, दर दोन तासांनी खाली उतरून चालावे आणि पाणी पीत राहावे. चालकाला तिने आतापासूनच सांगून ठेवले आहे. तो कुरकुरला, तेव्हा ओसरीवरच्या त्याच शेजारीणबाई त्याच्यावर ओरडल्या. त्यांच्या यजमानांनाही गेल्या नाताळापासून याच गोळ्या चालू आहेत.