कोंबडीला फळ द्यावं का? किती आणि कोणतं?

गेल्या एप्रिलमध्ये चौथीतल्या एका मुलीने सांगितलं, "सर, आमच्या कोंबड्या अंडीच देईनात." घरी चार गावरान कोंबड्या. अंडी विकून वही-पेनाचा खर्च निघतो, म्हणून ती काळजीत होती. उन्हाळ्यात अंडी तशीही थोडी कमी होतात. पण विचारपूस केल्यावर कळलं, टरबूज स्वस्त झालं म्हणून रोज ढीगभर फोडी टाकत होते आणि ज्वारी जवळपास बंदच केली होती.

टरबुजात 90 टक्क्यांहून जास्त पाणी असतं. अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात मात्र साधारण 16 ते 18 टक्के प्रथिनं लागतात, शिवाय कवचासाठी कॅल्शियम. पाण्याने पोट भरलं की ती दाण्याकडे फिरकत नाही. मोठी कोंबडी दिवसाला 100 ते 120 ग्रॅम खाते. फळ त्याच्या दहाव्या भागापर्यंतच, म्हणजे एका कोंबडीला चमचा-दोन चमचे बारीक तुकडे. तेही दुपारी, सकाळचा दाणा खाऊन झाल्यावर. परभणीच्या उन्हात कोंबडी चोच उघडून धापा टाकते, तिला घाम येत नाही. तेव्हा थंड फोड जरूर द्या, पण सावली आणि स्वच्छ पाणी आधी.

पपई, केळी, आपल्याकडचा जाम म्हणजे पेरू, हे चालतं. मीठ-मसाला लावलेली उरलेली फोड नको, जास्त मीठ कोंबडीला बाधतं. बुरशी आलेलं, आंबलेलं फळ तर नकोच. "आपल्याला नको ते कोंबडीला" ही सवय मला मोठ्या माणसांतच जास्त दिसते!

सीताफळाबद्दल मुलांना मुद्दाम सांगा. गर चालतो, बिया नाही. याच बिया वाटून पूर्वी उवा मारायला डोक्याला लावत, आणि ते डोळ्यात गेलं तर इजा होते. अख्खी बी आपल्या पोटातून तशीच बाहेर पडते. कोंबडीला दात नसतात, ती गिळलेल्या खड्यांच्या मदतीने पोटात दाणे दळते. बी दळली गेली की विष मोकळं होतं. सफरचंदाच्या बियाही काढूनच द्या. शहरातल्या पालकांनी अ‍ॅव्होकॅडो पूर्ण टाळावा, तो पक्ष्यांना विषारी आहे.

उरलेलं फळ संध्याकाळी उचलून टाका. त्यावर उंदीर येतात, कावळे आणि इतर पक्षी येतात. जानेवारी 2021 मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या मुरुंबा गावात सुमारे 800 कोंबड्या मेल्या आणि तपासणीत बर्ड फ्लू निघाला. त्याचा फळाशी संबंध जोडायचा नाही. पण हा रोग रानपक्ष्यांच्या विष्ठेतून पसरू शकतो, मग त्यांना अंगणात जेवायला कशाला बोलवायचं? एकदम दोन-तीन कोंबड्या मेल्या तर मुलांना हात लावू देऊ नका, आधी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.