प्रथमोपचाराची पेटी

११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटेच्या अंधारात सातारा जिल्ह्यातील कोयनानगर भूकंपाने उद्ध्वस्त झाले. अशा प्रसंगी घरातील प्रथमोपचाराच्या पेटीवरच भिस्त असते. पण ती उघडल्यावर आतील वस्तू उपयोगी पडावयास हव्यात! कोयनेच्या खोऱ्यात पावसाळी हवा फार दमट. तिने चिकटपट्टीचा चिकटपणा जातो. वेष्टन भिजले तर निर्जंतुक कापूसही जखमेवर ठेवण्याजोगा राहत नाही. म्हणून पेटी घट्ट झाकणाची असावी आणि चुलीपासून दूर, कोरड्या जागी, लहान मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी. कुलूप मात्र लावू नये. अंधारात किल्ली कोण शोधणार? पावसाळा सरताच मुदत संपलेली औषधे बदलावीत. वापरलेल्या पट्टीच्या जागी त्याच दिवशी नवी ठेवावी. विजेरीतील सेल काढून शेजारी ठेवावेत. आत राहिल्यास ते पाझरतात व विजेरी निकामी होते.