जुन्या जीपचे पाणी

१९४१ ते १९४५ च्या विलिस जीपचे इंजिन नव्याने बांधले, की रेडिएटरात नळाचे पाणी ओतण्याचा मोह होतो. पण त्यातील क्षार नळ्यांत साचतात, बिडाच्या ठोकळ्याला गंज चढतो आणि सारी मेहनत वाया जाते. म्हणून ऊर्ध्वपातित पाणी व इथिलीन ग्लायकोलचे शीतक निम्मेनिम्म घ्यावे, असे आम्ही म्हणतो. रंगावर भिस्त नको. तांबे, पितळ व डाख यांना चालते का, हे डब्यावर वाचावे. दोन जातींची सरमिसळ टाळावी. थंड इंजिनात झाकण उघडे ठेवून सावकाश भरावे आणि इंजिन सुरू करावे. थर्मोस्टॅट उघडताच कोंडलेली हवा निघते, पातळी उतरते. तेवढी भर घालून झाकण लावावे. पुढे तापल्या इंजिनाचे झाकण उघडू नये. सांडलेले शीतक मात्र लगेच धुवावे. ते गोड असते आणि जनावरांना विषारी.